सिव्ह ६ की सिव्ह ७? एकच घ्यायचा असेल तर

सहावा सेलमध्ये मातीमोल भावाने मिळतो, सातवा नवाकोरा आहे, मग घ्यावा कुठला? सिव्हिलायझेशन, म्हणजे आपली संस्कृती वाढवत नेण्याचा कॉम्प्युटर गेम, खेळणाऱ्या सोलापूरकरांना दर सेलला हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. टर्न म्हणजे काय, सेटलर कशाला असतो, डोंगराला लागून कॅम्पस का ठेवतात, एवढं ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. रॅम किती, ग्राफिक कार्ड कुठलं, हे स्टोअरच्या पानावर असतंच, ते इथे उगाळत नाही.

माझ्या लॅपटॉपवर सध्या दोघांपैकी एकच ठेवलाय. त्यामुळे हे लिखाण काट्यावर तोललेलं असेल असं समजू नका. पण दुसऱ्यात काय चांगलं आहे तेही प्रामाणिकपणे सांगतो, कारण ते कमी नाही.

आधी थोडं अपेक्षांबद्दल. मालिकेतला पहिला गेम १९९१ चा, आणि जवळजवळ दर नव्या भागाला तोच गोंधळ होतो. २०१० मध्ये पाचव्याने एका टाइलवर, म्हणजे नकाशाच्या एका घरावर, एकच तुकडी हा नियम आणला, चौथ्यातल्या फौजांच्या चळती बंद केल्या, आणि धर्म तर काढूनच टाकला. तो परत यायला २०१२ चं गॉड्स अँड किंग्ज हे एक्सपान्शन, म्हणजे जोडभाग, उजाडावं लागलं. २०१६ मध्ये सहावा आला तेव्हा नेत्यांचे चेहरे कार्टूनसारखे दिसतात म्हणून नाकं मुरडली गेली. आज तीच मंडळी सहाव्याचं गुणगान करतात. सिड मायरच्या फिरॅक्सिस स्टुडिओचा नव्या भागाचा एक प्रसिद्ध हिशोब आहे: एक तृतीयांश जसंच्या तसं, एक तृतीयांश सुधारलेलं, एक तृतीयांश कोरं. चाहत्यांचा हिशोब असा नसतो. त्यांना मागच्या भागात शेवटी शेवटी जे जे होतं ते सगळं नव्या भागात पहिल्या दिवशी हवं असतं, आणि शिवाय नवंही हवं असतं. हे जमणं कठीणच. २०१६ च्या सहाव्यात तरी लॉयल्टी, म्हणजे शहरांची निष्ठा, कुठे होती? गव्हर्नर नव्हते, पूर-दुष्काळ नव्हते, वीज नव्हती. ते सगळं २०१८ च्या राइज अँड फॉल आणि २०१९ च्या गॅदरिंग स्टॉर्म या एक्सपान्शनमधून आलं.

म्हणून ११ फेब्रुवारी २०२५ ला सातवा आल्यावर जो आरडाओरडा झाला त्यातला निम्मा बाजूला ठेवा. शहराचं नाव बदलता येत नव्हतं, स्काउटला (टेहळ्याला) ऑटो-एक्सप्लोअरवर, म्हणजे आपोआप फिरायला, सोडता येत नव्हतं, कुठली माहिती कुठल्या खिडकीत आहे ते सापडत नव्हतं. यातलं बरंचसं पुढच्या अपडेटमध्ये मार्गी लागलं. मांडीला मांडी लावून एकाच पीसीवर खेळायचा हॉटसीटही रिलीजला नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मावसभाऊ-आतेभाऊ गोळा होणाऱ्या घरात हा मुद्दा छोटा नाही. सहाव्यात हॉटसीट आहे आणि नीट चालतो.

उरलेला निम्मा आरडाओरडा मात्र ऐकण्यासारखा होता, कारण तो राहून गेलेल्या गोष्टींबद्दल नव्हता, मुद्दाम घातलेल्या एका गोष्टीबद्दल होता. तिच्याकडे येतोच.

सातव्याने काय कमावलं ते आधी. पहिलं म्हणजे सेनापती. सहाव्यात दहा तुकड्या डोंगराच्या खिंडीतून काढायच्या म्हणजे दहा तुकड्या एकेक करून, एकमेकींना आडव्या येत, टर्नामागून टर्न ढकलत न्यायच्या. वेढ्याचं कॅटापुल्ट हमखास मागे अडकतं आणि तटबंदीपाशी पोचेपर्यंत पुढचे तलवारबाज निम्मे झालेले असतात. सातव्यात आर्मी कमांडर सुरुवातीला चार तुकड्या पोटात घेतो, बढतीनंतर सहा, आणि सगळा लवाजमा एकाच क्लिकमध्ये हलतो. अनुभवाचे गुण फक्त त्याला मिळतात, तुकड्यांना नाही, त्यामुळे एखादी तुकडी मेली तरी शिकलेलं वाया जात नाही. पहिली बढती ‘इनिशिएटिव्ह’ची घ्यावी, म्हणजे उतरवलेल्या तुकड्यांना त्याच टर्नला हालचाल करता येते. नवखे खेळाडू ती सोडून बचावाच्या बढत्या घेतात, शत्रूच्या तोफेच्या पल्ल्यात तुकड्या उतरवतात, आणि एक टर्न त्या नुसत्या उभ्या राहून मार खातात. लढाईपुरतं बोलायचं तर सातवा पुढे आहे. यावर माझा तरी वाद नाही.

दुसरं, बिल्डर गेले. सहाव्यात बिल्डरला तीन चार्ज असतात, प्रत्येक नवा बिल्डर आधीच्यापेक्षा महाग, आणि दीडशेव्या टर्नानंतर ‘आता हा कुठे पाठवू’ यातच वेळ जातो. सातव्यात वस्ती वाढली की टाइल निवडायची, शेत किंवा खाण आपोआप होते. तिसरं, गाव आणि शहर हा फरक. नवी वसाहत आधी गाव असते, तिचं उत्पादन सोन्यात बदलतं, बांधायचं असेल ते विकत घ्यायचं. लोकसंख्या ७ झाली की गावाला एक काम नेमून देता येतं: शेतीचं गाव, खाणीचं गाव, व्यापाराचं ठाणं. शेतीचं गाव आपलं धान्य जोडलेल्या शहरांना पाठवतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून शहरात माल येतो हे बघत वाढलेल्याला ही रचना लगेच पटते. फक्त वसाहतींच्या मर्यादेवर डोळा ठेवा. मर्यादेवर एक वसाहत गेली की सगळ्याच वसाहतींची ५ हॅपिनेस कापली जाते, दोन गेल्या की १०. सहाव्यातली ‘दिसेल तिथे शहर’ ही सवय सातव्यात पहिल्याच डावात अंगाशी येते. आणि हो, मोठ्या नद्यांतून जहाजं आत नेता येतात. साधी गोष्ट, पण नकाशा बघण्याची नजर बदलते.

एवढं सगळं असून माझा निर्णय सहाव्याकडे का गेला?

सातव्यात डाव तीन युगांत कापलेला आहे: अँटिक्विटी, एक्सप्लोरेशन, मॉडर्न. प्रत्येक युगाची एक टक्केवारीची पट्टी असते. ती दर टर्नाला थोडी सरकते, आणि कोणी लेगसी पाथचा, म्हणजे विज्ञान, संस्कृती, युद्ध, अर्थ यांच्या ठरवून दिलेल्या उद्दिष्टांचा, टप्पा गाठला की उडी मारते. पट्टी शंभरावर पोचली की युग संपतं, तुम्ही नवी संस्कृती निवडता आणि पुढच्या युगात जाता. नेता तोच, संस्कृती दुसरी. संस्कृती बदलणं हे काही पहिल्यांदाच घडलेलं नाही, २०२१ च्या ह्युमनकाइंडमध्ये ते होतं. बऱ्याच जणांचा राग त्या बदलावर आहे. मला तो तितका खुपत नाही. खुपतात ते त्याच्या आधीचे पंधरा-वीस टर्न.

जवळून बघू. समजा अँटिक्विटी ८० टक्क्यांवर आहे. शेजाऱ्याशी युद्ध चालू आहे, कमांडर चार तुकड्या घेऊन त्याच्या दुसऱ्या गावापाशी पोचलाय, तटबंदी निम्मी पडलीय. राजधानीत अकॅडमीला नऊ टर्न लागतील असं दिसतंय. एका वंडरला, म्हणजे जगप्रसिद्ध वास्तूला, तेरा. टेकच्या झाडात एक संशोधन अर्ध्यावर आहे. सहाव्यात या सगळ्याचं उत्तर एकच असतं: चालू द्या. सातव्यात आधी पट्टी बघावी लागते. टर्नाला सव्वा टक्का धरला तर सोळा टर्न उरले. पण दुसऱ्या कोणी मध्येच टप्पा गाठला तर अकरा किंवा बारा. म्हणजे वंडर लटकलं. अकॅडमी होईल, पण पुढच्या युगात ती जुनी इमारत ठरेल, तिची अ‍ॅडजसन्सी, म्हणजे शेजारच्या टाइलमुळे मिळणारा फायदा, जाईल, उत्पन्न घटेल, आणि शेवटी तिच्यावरच नवी इमारत चढवावी लागेल. म्हणजे नऊ टर्न घालून दोन-तीन टर्नांचं विज्ञान. गाव पडायच्या आत युग संपलं तर युद्धच संपतं. मूळ रचनेत तुकड्या जागेवरून उचलल्या जातात आणि कमांडरांत मावतील तेवढ्या, अधिक थोड्या, एवढ्याच उरतात. अर्धवट संशोधन गेलं. जोडलेली सिटी-स्टेट, म्हणजे छोटं नगरराज्य, गेली. राजधानी सोडून बाकीची शहरं पुन्हा गावं झाली.

चादरीचा ताणा मागावर चढलेला असताना वीतभर विणकाम उरलं म्हणून कोणी मध्येच सुरी फिरवली तर विणकराला जे वाटेल, ते.

याचा परिणाम शेवटच्या टर्नपुरता राहत नाही. एकदा हे कळलं की सत्तर टक्क्यांपासूनच हात आखडतो. काही बांधताना ‘हे पुढे टिकेल का’ हा प्रश्न आधी येतो. शिवाय साधारण त्याच सुमाराला क्रायसिस सुरू होतो: साथ, बंड किंवा टोळ्यांचे हल्ले, आणि त्याबरोबर नको असलेली धोरणं गळ्यात. म्हणजे युगाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पुढचा विचार न करता, आहे ते सांभाळत काढायचा. आणि असं एका डावात दोनदा. स्ट्रॅटेजी गेममध्ये मला ज्याचं व्यसन आहे ते म्हणजे आज पेरलेलं शंभर टर्नांनी उगवताना बघणं. सातवा नेमका तिथे हात घालतो.

विकासकांची बाजूही समजते. त्यांचं म्हणणं होतं की बहुतेक खेळाडू डाव शेवटपर्यंत नेतच नाहीत, कारण मध्यावर कोण जिंकणार ते कळून चुकतं आणि पुढे फक्त क्लिक उरतात. निदान बरोबर आहे. औषध जालीम झालं.

ज्यांना तरीही सातवाच घ्यायचाय त्यांनी युगाच्या शेवटासाठी असं करून बघावं. पट्टी सत्तरच्या पुढे गेली की विज्ञान-संस्कृतीच्या साध्या इमारती थांबवा. ग्रॅनरी, सॉपिट, ब्रिकयार्ड यांसारख्या ‘एजलेस’ इमारती, तुमच्या संस्कृतीच्या खास इमारती आणि हाताला लागेल एवढंच वंडर, यांच्यावरच उत्पादन लावा, कारण हे पुढच्या युगात निकामी होत नाही. एक जादा कमांडर तयार ठेवा, आणि शेवटच्या चार-पाच टर्नांत बाहेर फिरणाऱ्या तुकड्या त्यात भरा. नवं युद्ध ऐंशीनंतर काढूच नका. अँटिक्विटीत आर्थिक पाथ पूर्ण होत असेल, म्हणजे २० रिसोर्स नेमून दिले असतील, तर त्याचा सुवर्णयुगाचा पर्याय घेतल्यास शहरं शहरंच राहतात. फार लोक हा सोडून देतात आणि मग पुढच्या युगाचे पहिले दहा टर्न सोनं मोजत बसतात. क्रायसिस आवडत नसेल तर डाव मांडतानाच अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधून बंद करता येतो. आणि नंतरच्या अपडेटमध्ये आलेला ‘कंटिन्युइटी’ हा पर्याय निवडा, ‘रिग्रुप’ नाही. त्याने तुकड्या होत्या तिथेच राहतात. यामुळे अर्धा त्रास जातो. जुन्या झालेल्या इमारतींचा उरतो.

एकच संस्कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळू द्या, ही मागणी इतकी लावून धरली गेली की २०२५ संपायच्या आत विकासकांनीच त्यावर काम चालू असल्याचं सांगितलं. यातून चाहत्यांना खरं काय हवं होतं ते दिसतं. नवं नको असं कोणी म्हणत नव्हतं. धागा तुटू नये, एवढंच म्हणणं होतं.

आता सहावा. त्याची दुखणी लपवण्यात अर्थ नाही. एआय, म्हणजे संगणकाचा खेळाडू, लढाईत कच्चा आहे. काठिण्य वाढवलं की तो हुशार होत नाही, श्रीमंत होतो. डिइटीवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, त्याला सुरुवातीलाच तीन सेटलर मिळतात, अक्कल तेवढीच राहते. मिशनऱ्यांचे लोंढे नकाशाभर फिरत असतात (डाव मांडताना रिलिजियस व्हिक्टरीची खूण काढली की तेवढ्यासाठी जीव टाकायची गरज राहत नाही). व्यापारी मार्ग संपला की ट्रेडर पुन्हा विचारतो, कुठे जाऊ? दोनशे टर्नांनंतर वीस शहरं असली तर एक टर्न संपवायला कंटाळा येतो हे खरंच आहे.

पण यातल्या बऱ्याच दुखण्यांवर घरगुती इलाज आहेत, सातव्याच्या मुख्य दुखण्यावर पुरता इलाज नाही. नकाशा स्मॉल ठेवा, सहा खेळाडू. वेग क्विक, म्हणजे डाव ५०० ऐवजी ३३० टर्नांचा. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर त्याच्या वर्कशॉपमधून बेटर ट्रेड स्क्रीन ही मॉड, म्हणजे खेळाडूंनी केलेली जोडणी, टाका, मार्ग आपोआप पुन्हा सुरू करता येतो. डिटेल्ड मॅप टॅक्स टाका, डिस्ट्रिक्ट (शहराचा खास विभाग, जसा विज्ञानाचा कॅम्पस) ठेवायच्या आधी अ‍ॅडजसन्सी आकड्यात दिसते. या दोन मॉडनंतर सहावा वेगळाच वाटतो.

डिस्ट्रिक्ट हाच सहाव्याचा जीव. आणि इथेच पेरलेलं उगवतं. एक उदाहरण देतो. डिस्ट्रिक्टची किंमत तुमचं टेक (तंत्रज्ञान) आणि सिव्हिक (सामाजिक प्रगती) पुढे जाईल तशी वाढत जाते, पण टाइलवर ठेवताक्षणी ती तिथेच गोठते. म्हणून रायटिंग हे टेक मिळाल्याबरोबर प्रत्येक शहरात कॅम्पस ठेवून द्यायचा, एक टर्न काम लावायचं आणि लगेच सेटलरकडे वळायचं. साठ-सत्तर टर्नांनी तोच कॅम्पस जुन्या भावात पूर्ण होतो. यात चूक होते ती जंगलावर. जंगल असलेल्या टाइलवर डिस्ट्रिक्ट ठेवला की जंगल जातं आणि तोडणीचं उत्पादन मिळत नाही. आधी बिल्डरने तोडायचं, मग ठेवायचं. मॅग्नस या गव्हर्नरला त्या शहरात बसवून तोडलं तर उत्पादन दीडपट. शहराच्या लोकसंख्येवर डिस्ट्रिक्टची संख्या ठरते: पहिला लगेच, दुसरा ४ ला, तिसरा ७ ला, चौथा १० ला. त्यामुळे पहिला कुठला हे नीट ठरवा, होली साइट (धर्माचा विभाग) बघून भुलू नका.

गॅदरिंग स्टॉर्म असेल तर यात पाणी येतं. धरण फक्त पूरमैदानाच्या टाइलवर होतं, नदी त्या टाइलच्या किमान दोन कडांना हवी, आणि त्या पट्ट्यात एकच धरण. जलवाहिनी आणि धरण यांच्या मधोमध इंडस्ट्रियल झोन आला तर दोन्हीकडून +२ मिळतात, म्हणजे सुरुवातीलाच +४. शिवाय धरण किंवा जलवाहिनी असेल तर दुष्काळात शेतीचं धान्य जात नाही. उजनीच्या पाळीकडे डोळे लावून बसणाऱ्या शहराला हे वेगळं शिकवायला नको. पण ही जागा पन्नासाव्या टर्नला हेरून पिन लावून ठेवावी लागते आणि तिचं फळ दीडशेव्या टर्नला दिसतं. सातव्यात पन्नासाव्या टर्नचा बेत दीडशेव्यापर्यंत पोचतच नाही, मध्ये युग आडवं येतं.

सुरुवातीची एक गोष्ट सांगायची राहिली. बार्बेरियन, म्हणजे रानटी टोळीच्या, स्काउटने तुमचं शहर पाहिलं की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येतं आणि तो छावणीकडे पळतो. तो पोचला तर दहा टर्नांत घोडेस्वार दारात. म्हणून पहिल्या वॉरियरला फार लांब पाठवू नका, आणि दुसरं युनिट स्लिंगर घ्या. स्लिंगरने कोणालाही मारलं की आर्चरीचा युरेका, म्हणजे त्या संशोधनात सूट, मिळतो. नव्या लोकांचे पहिले तीन-चार डाव इथेच बुडतात आणि ते गेमला शिव्या घालतात.

आपल्याकडच्या लोकांचा एक खास प्रश्न असतो: आपलं काय आहे? सहाव्यात भारत ही एक अखंड संस्कृती आहे. नेते दोन, मूळ गेममध्ये गांधीजी आणि राइज अँड फॉलमध्ये चंद्रगुप्त. बारव हे त्यांचं खास बांधकाम, शेत आणि होली साइटच्या शेजारी ठेवली तर चांगली फळते, आणि वरू हत्ती बाजूच्या शत्रूची ताकद ५ ने कमी करतो. चंद्रगुप्ताला घेऊन सुरुवातीलाच दोन वरू शेजाऱ्याच्या दारात नेले की पहिलं शहर बहुधा हाती येतं. गांधीजी शांतताप्रिय खेळाडूला बरे, पण त्यांच्याबरोबर डाव जरा मिळमिळीत होतो, निदान मला तरी तसं वाटतं.

सातव्यात अशोक आहे, तोही दोन रूपांत, एक विजेता आणि एक संन्यस्त. भारतीय वाटेने जायचं तर मौर्य, मग चोळ, मग मुघल. शेवटच्या युगात मुघल! १७७२ मध्ये शाह आलम दिल्लीच्या गादीवर परत बसला तो महादजी शिंद्यांच्या बळावर, हे शाळेत शिकलेल्या पोराला मॉडर्न युगात मुघल निवडताना गंमतच वाटणार. मराठे संस्कृती म्हणून दोन्हींत नाहीत. मात्र सातव्यात राइट टू रूल या डीएलसीतून (वेगळ्या विकत घ्यायच्या भरीतून) राणी लक्ष्मीबाई नेत्या म्हणून आल्या आहेत. नेता आणि संस्कृती वेगळे असल्यामुळे राणीला हाताशी धरून चोळांचं आरमारही चालवता येतं. खटकतं की आवडतं, ज्याचं त्याने ठरवावं. हा एक मुद्दा सातव्याच्या बाजूने खरा आहे.

सातव्याची आणखी एक बाजू, आणि ती नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी मोठी असू शकते. एक युग हा बैठकीचा सोयीचा तुकडा आहे. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला पोचेपर्यंतच्या चारेक तासांत एखादं युग आरामात हातावेगळं होतं, पुढचं परतीच्या गाडीत. सहाव्याचा डाव असा तुटत नाही. ‘अजून एक टर्न’ म्हणत रात्रीचे दोन वाजतात, आणि तीन दिवसांनी परत उघडला तर आपण कुठल्या शहरात काय करत होतो ते आठवायला वीस मिनिटं जातात. शहरांना नकाशावर पिन लावून दोन शब्द लिहून ठेवले तर हे बरंच सोपं होतं. पण आठवड्यातून दोनच तास मिळणार असतील तर सातव्याचा विचार करायला हरकत नाही.

लेगसी पाथबद्दल थोडक्यात. मूळ रचनेत अँटिक्विटीत विज्ञानासाठी १० कोडेक्स (ग्रंथ), संस्कृतीसाठी ७ वंडर, युद्धासाठी १२ वसाहतींचे गुण, ज्यात जिंकलेली वसाहत दुप्पट धरतात. पहिल्या डावाला दिशा मिळते म्हणून बरं वाटतं. पाचव्या डावाला तीच यादी हातात घेऊन तेच सामान आणायला निघाल्यासारखं होतं. मॉडर्नमध्ये १५ कलावस्तू खणून वर्ल्ड्स फेअर बांधला की संस्कृतीचा विजय, आणि हा रस्ता बाकीच्यांपेक्षा इतका जवळचा आहे की रॉकेटपर्यंत पोचायचं कारणच उरत नाही. रिलीजला खेळ तिथेच संपतही होता, संगणक-इंटरनेटचं युग नव्हतं. सहाव्यातले शेवटचे शंभर टर्न कंटाळवाणे असतील, पण ते असतात.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीच्या वरच असतो, तेव्हा लॅपटॉपचाही विचार करायला लागतो. दोन्ही गेममध्ये व्हीसिंक चालू ठेवून फ्रेम ३० वर अडवा. टर्नवर चालणाऱ्या खेळाला त्यापेक्षा जास्त लागत नाहीत आणि पंखा ओरडायचा थांबतो. सहाव्यात क्विक मूव्हमेंट आणि क्विक कॉम्बॅट लावा, नेत्यांचं अ‍ॅनिमेशन बंद करा. अगदी जुना लॅपटॉप असेल तर स्ट्रॅटेजिक व्ह्यू, म्हणजे सपाट नकाशा, त्यावर सहावा बराच हलका चालतो. माझ्या बघण्यात भर उन्हाळ्यात सातवा जास्त तापवतो. मोजपट्टी लावलेली नाही, हाताला जाणवतं ते सांगतोय. डेस्कटॉपवर खेळणाऱ्यांनी ऑटोसेव्ह दर एका टर्नला आहे ना ते बघून घ्यावं. लाइट जाते तेव्हा सांगून जात नाही.

घ्यायचं ठरलं तर कसं घ्यावं? सहाव्याचा नुसता मूळ गेम घेऊन ‘मजा नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. मे २०२० मध्ये एपिक या ऑनलाइन दुकानात मूळ गेम आठवडाभर फुकट होता, त्यामुळे पुष्कळांकडे तो आधीच पडून आहे. त्यावर डीएलसी घ्यायची तर एपिकवरच घ्यावी लागेल, स्टीमची डीएलसी एपिकच्या गेमला लागत नाही. हे न बघता पैसे गेलेले लोक आहेत. आणि वर्कशॉपच्या मॉड हव्या असतील तर स्टीमवर पुन्हा नव्याने घेणं शेवटी परवडतं.

पैसे कमी असतील तर एकटं गॅदरिंग स्टॉर्म घ्या. राइज अँड फॉलची लॉयल्टी, गव्हर्नर, सुवर्णयुग-अंधारयुग ही सगळी यंत्रणा त्यातच येते. त्या एक्सपान्शनच्या संस्कृती आणि नेते मात्र येत नाहीत, म्हणजे चंद्रगुप्त नाही. तो हवा असेल तर प्लॅटिनम बघा, दोन्ही एक्सपान्शन त्यात आहेत. अँथॉलॉजीत न्यू फ्रंटियर पासही येतो, पण त्याची गरज पहिल्या दोन-तीन महिन्यांत पडत नाही. पहिला डाव प्रिन्स या काठिण्यावर, क्विक वेग, स्मॉल नकाशा, आपत्तीची तीव्रता २, चंद्रगुप्त. शेजारी जवळ निघाला तर वरू, लांब निघाला तर बारव आणि शेती. सातवा घ्यायचाच असेल तर एकसंध संस्कृतीचं ते काम कसं उतरलंय ते आधी कोणाच्या तरी पीसीवर दोन तास बघा, आणि मग सेलची वाट बघा.